तू उठलीस तर मी उठतो

बसवनगुडी, बंगळूर
१४ नोव्हेंबर १९६१

ती. दादास सा. नमस्कार,

दिवाळीचं कार्ड मिळालं. चकल्या कडक झाल्या होत्या असं तू लिहिलंस, तेवढा भाग गाळून मी मावशीला पत्र वाचून दाखवलं. नाहीतर पुढच्या वर्षी तुझं पार्सल बंद झालं असतं.

आता मुद्द्याचं. वाचून तू हसणार आहेस. हस, पण उत्तर मात्र नीट दे.

आमच्या कारखान्यात बायका चक्कर येऊन पडायला लागल्या आहेत. तू आमचा विभाग पाहिलेला नाहीस म्हणून सांगते. आम्ही सगळ्या बायकाच. केसासारखी बारीक तांब्याची तार छोट्या रिळांवर गुंडाळायची, दिवसभर भिंगातून बघत. शेजारची खोली धुण्याची. तिथं एका मोठ्या टाकीत औषध असतं, त्यात सुट्या भागांचं तेल आणि ग्रीस निघतं. त्या खोलीतला हवा बाहेर ओढणारा भिंतीतला पंखा दिवाळीत दुरुस्तीला काढून नेला तो अजून आलेला नाही. आणि थंडीच्या वाऱ्याबरोबर धूळ येते, तारेवर बसते, म्हणून आमच्या खिडक्याही फळ्या ठोकून बंद केल्यात.

परवा धारवाडकडची यल्लव्वा, चांगली धडधाकट बाई, एकदम मान वर करून म्हणाली, "गोड वास येतोय." उठली आणि तिथंच आडवी झाली. तिला बाहेर नेतोय तोवर कस्तुराबाई पडली. मग मागच्या रांगेतल्या दोघीजणी. काल पुन्हा तेच. कारखान्याचे डॉक्टर आले, नाड्या बघितल्या, आणि फोरमनना इंग्रजीत म्हणाले, की पहिली पडली म्हणून बाकीच्या पडल्या, दुसरं काही नाही. त्यांना वाटलं आम्हाला इंग्रजी कळत नाही.

दादा, मला पडायची भीती वाटत नाही. भीती वेगळीच आहे. यल्लव्वा बोलली त्याच्याआधी मला कसलाही वास आला नव्हता. ती बोलली आणि मला आला. गोडसर, घशात बसणारा. आता तो खरोखर आला, की तिनं म्हटलं म्हणून आला? नाक माझं, आणि मलाच सांगता येत नाही. कालपासून हाच विचार चालू आहे.

तू मला ओळखतोस. कोणी जांभई दिली की मला जांभई येते. नवी मैत्रीण झाली की महिन्याभरात मी तिच्यासारखी बोलायला लागते. इथं मावशीकडे येऊन तर बोलताना कानड्यांसारखं "स्वल्प थांब" म्हणते आणि काका हसतात. अशी मी, तर पुढची पडणारी मीच असणार ना? माणसं अशी का असतात रे? काहींवर कुणाचाच परिणाम होत नाही आणि काहींवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा होतो?

लवकर लिही. मावशीला काही बोलले नाही.

तुझी,
हेमा


बेळगाव
१९ नोव्हेंबर १९६१

चि. हेमलतेस अनेक आशीर्वाद.

हसलो. परवानगी होतीच.

बी. टी.च्या वेळी, मास्तरकी शिकताना, आम्हाला ह्या विषयावर अख्खं एक प्रकरण होतं, आणि ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातली उदाहरणं नव्हती, तू होतीस. पलीकडच्या आठवल्यांकडे अष्टमीला महालक्ष्मी बसायची, आठवतं? बायका घागरी फुंकत फुंकत घुमायच्या. तू आठ वर्षांची. घरी आलीस, स्वयंपाकघरातली कळशी उचललीस, फुंकायला लागलीस आणि घुमता घुमता चुलीशेजारी पडलीस. आई घाबरली. देवीचं काही आहे म्हणाली. मी तुझ्या तोंडावर पाणी मारलं आणि विचारलं, "हेमा, तुझं नाव काय?" तू लगेच ठणठणीत नाव सांगितलंस. देवी तेवढ्यात गेली होती.

तू विचारलंस माणसं अशी का असतात. ज्याला स्वतःचं मत बनवायची सवय नसते, तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. एवढंच शास्त्र आहे. आता तुला ती सवय का नाही, तर घरात तुला तशी गरजच पडली नाही. बाबा गेल्यावर शाळा कुठली, विषय कुठले, लुगडं कुठलं, सगळं मीच बघितलं, आणि तूही कधी कुरकुर केली नाहीस. गुणाची पोर आहेस. पण बाहेरच्या जगात प्रत्येक यल्लव्वा ही तुझा दादा नसते.

तेव्हा मी सांगतो तसं कर. पुन्हा कोणी वासाचं नाव काढलं, तर मान वर करायची नाही. हातातलं काम थांबवायचं नाही. मनातल्या मनात एकोणिसाचा पाढा म्हणायचा, तो तुला येत नाही म्हणून डोकं त्यात गुंतून राहील. आणि कोणी तुझ्याकडे बघितलंच तर हसायचं. हसणाऱ्या माणसाला चक्कर येत नाही. बाकीच्या मेंढरं झाल्या म्हणून तू होऊ नकोस.

मावशीला सांगितलं नाहीस ते बरं केलंस. चक्कर, झटके असले शब्द लग्नाच्या मुलीच्या नावाला चिकटले की सुटत नाहीत.

तुझा,
दादा


बसवनगुडी
३० नोव्हेंबर १९६१

ती. दादास सा. न.

तुझं औषध लागू पडलं. आधी हे सांगते म्हणजे तुला बरं वाटेल.

गेल्या आठवड्यात मागच्या रांगेतून कोणीतरी "बंतू, बंतू" म्हणालं, म्हणजे आला, वास आला. खुर्च्या सरकल्या. बायका उठून दाराकडे पळाल्या. मी पाढा धरला. छाती अशी धडधडत होती की तार दोनदा तुटली. पण मी मान वर केली नाही आणि पडले नाही. फोरमन आले तेव्हा अख्ख्या रांगेत मी एकटीच बसलेली. त्यांनी सगळ्यांना परत बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही पण ह्याच खोलीत आहे ना? हिला काय झालं?"

म्हणजे हे सगळं मनाचंच होतं असं धरायला हवं. मी तसं धरलंय. तरी वास येत होता दादा, पाढा म्हणतानासुद्धा येत होता.

यल्लव्वाला कामावरून काढलं. इतरांची डोकी फिरवते म्हणून. जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली आणि कानडीत म्हणाली, "तुला येतो वास. तुझ्या डोळ्यांवरून कळतंय." मी हसले, तू सांगितलंस तसं. त्या दिवशी डबा मी तसाच घरी परत नेला.

तिच्या जागी माझ्या शेजारी गोजराबाई आली आहे. निपाणीकडची, नवरा दोन वर्षांमागं गेला. दोन मुली तिच्या आईजवळ गावी आहेत, ही इथं भाच्याकडे राहून पैसे पाठवते. अंगानं बारीक आणि घाबरट, पण हात असा हलका की तिची तार कधी तुटत नाही. मला तिचं बोलणं आवडतं. आपल्या बेळगावच्या बायकांसारखं, मी येतो, मी जातो. काल डबा खाताना म्हणाली, "हेमाक्का, तू शिकलेली हाईस. वास खरा का खोटा मला काय कळत न्हाई. ही नोकरी गेली तर पोरींचं काय करू? मी आपली तुझ्याकडं बघतो. तू उठलीस तर मी उठतो, न्हाईतर बसतो."

मी म्हटलं, "सरी," म्हणजे बरं, "तसं कर." मला बरं वाटलं दादा. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारून काही करणार आहे.

तुझी,
हेमा


बेळगाव
५ डिसेंबर १९६१

चि. हेमलतेस आशीर्वाद.

शाबास. तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं, नाव न घेता. सगळ्यांनी कौतुक केलं. फक्त शिवाप्पा, आमचे शास्त्राचे मास्तर, त्यांनी विचारलं की टाकीत औषध कुठलं आहे. म्हणाले, ग्रीस काढायची काही औषधं गोड वासाची असतात, कोंडलेल्या खोलीत त्यांची वाफ साठली तर माणूस बेशुद्ध होतो, जास्त झाली तर जातोही. पण शिवाप्पांचं तू मनावर घेऊ नकोस. त्या गृहस्थांना नळाच्या पाण्यातही विष दिसतं. शिवाय वाफ असती तर तू पडली नसतीस का? तू बसून राहिलीस ह्यातच सगळं आलं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची. धारवाडच्या प्राणेशरावांचं स्थळ मी तुला म्हटलं होतं. प्राणेशराव स्वतः वीजखात्यात इंजिनियर, घरची माणसं फार नेकीची. पत्रिका जमली. संक्रांतीनंतर ते बंगळूरला येऊन तुला बघणार आहेत. त्यांच्या मामांचं घर तुमच्या गांधीबाजाराच्या बाजूलाच आहे, आणि मामांचे एक स्नेही तुझ्याच कारखान्यात हिशेबखात्यात आहेत म्हणे. म्हणजे तुझ्याबद्दल विचारपूस होणारच. तेव्हा तू खुर्चीवर बसून राहिलीस हे फार म्हणजे फार चांगलं झालं. तसंच चालू ठेव.

गोजराबाईशी फार सलगी नको. पण तिनं तुझं बघून धीर धरला तर पुण्यच लागेल तुला.

तुझा,
दादा


बसवनगुडी
१२ डिसेंबर १९६१

ती. दादास सा. न.

हे पत्र मिळताच उत्तर पाठव. कार्ड टाकलंस तरी चालेल.

माझी जागा बदलली. आता मी धुण्याच्या खोलीच्या दाराला लागूनच बसते. फोरमननी मुद्दाम बसवलं. म्हणाले, सगळ्यांना दिसलं पाहिजे की दाराजवळची मुलगीसुद्धा मजेत आहे. गोजराबाई माझ्या शेजारी. आता कोणी पडत नाही. वास आला की सगळ्याजणी भिंग सोडून माझ्याकडे बघतात. मी बसलेली असते. मग त्याही बसतात. फोरमन खूश आहेत, पंखा अजून आलेला नाही आणि त्याबद्दल कोणी विचारतही नाही.

मला हे आवडत नाही दादा. इतक्या जणींनी माझ्याकडे बघितलेलं मला सोसत नाही. मी काय बघून बसते हे त्यांना माहीत नाही. मी तुझं पत्र आठवून बसते.

डोकं रोज दुखतं. संध्याकाळी बसमधून उतरले की पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे पडतात. मावशी म्हणते लग्नाच्या विचारानं.

आता खरी गोष्ट. काल सोमवारी बस लवकर पोचली आणि मी सगळ्यांच्या आधी विभागात शिरले. खोलीत कोणी नव्हतं. कोणी काही बोललं नव्हतं. माझ्या मनातही दुसरंच काहीतरी होतं, मावशीनं दाण्याची चटणी डब्यात घातली की नाही ते. आणि दार उघडताच वास आला. दाट, गोड. मी भिंतीला धरून उभी राहिले.

आता सांग. कोणीच बोललं नसताना मला वास कसा आला? मी कोणाचं बघून तो घेतला? मास्तर शिवाप्पा म्हणाले ते मी विसरू शकत नाही. मला वाटतं वास खरा आहे. पण हे वाटणं माझं आहे की शिवाप्पांचं, तेही मला कळेनासं झालंय. माझं डोकं चालत नाही. मी उठून सगळ्यांना बाहेर काढू का? फोरमनशी भांडू का? नोकरी गेली तर जाऊ दे असं म्हणू का? तू म्हणशील तसं करीन.

तुझी,
हेमा


बेळगाव
२२ डिसेंबर १९६१

चि. हेमलतेस आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्या हातात काल पडलं. गोव्याच्या लढाईमुळे इथं सगळं लष्करच लष्कर आहे, गाड्या अडवल्या होत्या, टपाल कुठं पडून होतं देवजाणे. शाळेच्या मैदानावर परवापर्यंत ट्रक उभे होते. मुलांना नुसता जोश आहे, वर्गात कोणी बसायला तयार नाही.

तुझं पत्र वाचून मला काळजी वाटली, वासाची नाही, तुझी. रोज ज्या खोलीत वासाच्या गोष्टी ऐकल्या, त्या खोलीचं दार उघडलं की वास येणारच. ती खोलीच तुला आठवण करून देते. दुसऱ्या कोणी बोलायची गरज उरत नाही. पुस्तकात हे सुद्धा होतं. आणि शिवाप्पांचं मी तुला लिहायलाच नको होतं, तुझ्या कानावर पडेल ते तुझ्या अंगात भिनतं.

हे बघ, प्राणेशरावांची मंडळी पंचवीस-सव्वीस दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतायत. हिशेबखात्यातल्या त्या गृहस्थांनी तुझ्याबद्दल फार चांगलं कळवलंय. "बाकीच्या बायका उठल्या तरी ही शांत बसते", हे त्यांचे शब्द. आता आज तू ओरडत उठलीस, तर उद्या धारवाडला काय पोचेल? मुलीला झटके येतात. संपलं. मग दुसरं स्थळ कुठून आणू? बाबांना मी शब्द दिला होता.

तेव्हा एवढे दिवस माझं ऐक. पुढं कारखाना सुटणारच आहे. उठू नकोस, बोलू नकोस, हस. माझ्यासाठी एवढं कर.

तुझा,
दादा


बेळगाव
४ जानेवारी १९६२

चि. हेमलतेस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. नाताळनंतर एकही पत्र नाही. मावशीला कार्ड टाकलं, तिचंही नाही. काल धारवाडहून प्राणेशरावांच्या वडिलांचं पत्र आलं. तुमच्या कारखान्यात काहीतरी झाल्याचं बंगळूरच्या कानडी वर्तमानपत्रात आलंय म्हणे. काय झालं ते त्यांनी लिहिलेलं नाही, फक्त "खुलासा कळवावा" एवढंच.

माझं वर्गात लक्ष लागत नाही. तू बरी आहेस ना? एक ओळ लिही. काही झालं असेल तर लपवू नकोस. मी रागावणार नाही.

तुझा,
दादा


बसवनगुडी
८ जानेवारी १९६२

ती. दादास सा. न.

मी बरी आहे. लिहायला हात उचलवत नव्हता.

गोजराबाई गेली.

शुक्रवारी, नाताळच्या सुटीनंतर. सकाळी टाकीत औषधाचं नवीन पिंप ओतलं होतं. तुझं पत्र आदल्या दिवशी आलेलं. दुपारी डबे खाऊन आम्ही बसलो आणि वास यायला लागला, आजवर कधी आला नव्हता इतका. तेव्हा मला शंकाच राहिली नाही. मला कोणी सांगितलेलं नव्हतं, मी कोणाचं बघितलेलं नव्हतं. माझ्या जिभेवर त्याची चव येत होती. मला कळलं की हा खरा आहे आणि आता उठायला हवं.

कस्तुराबाई अर्धी उठली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बसली. मग गोजराबाईनं बघितलं. तिचे ओठ पांढरे झाले होते. ती वाट बघत होती.

मी हसले.

तीही हसली. भिंगावर मान वाकवली आणि रीळ फिरवायला लागली. थोड्या वेळानं फोरमननी तिला धुण्याच्या खोलीतून भागांचा ट्रे आणायला पाठवलं. दारात ती थबकली, पुन्हा एकदा मागं वळून बघितलं. मी मान खाली घातली होती. माझ्या रिळावर तार चढत होती आणि मी पाढा म्हणत होते. ती परत आली नाही. मी रीळ पुरं केलं, दादा. रीळ पुरं करून मग उठले, कारण ते पुरं होईपर्यंत उठायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. दारापर्यंत जाताना दोनदा पडले. ती टाकीला टेकून बसल्यासारखी होती. ओढून बाहेर आणलं तेव्हा श्वास होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपली.

दुसऱ्या दिवशी पंखा आला. तयारच होता म्हणे, कोणी जाऊन आणला नव्हता इतकंच. फळ्याही काढल्या. आता खोलीत नुसती थंड हवा असते. कोणी पडत नाही, कोणाला वास येत नाही.

तिची आई मुलींना घेऊन आली होती. धाकटी माझ्या मांडीवर बसली. तिच्या आजीनं विचारलं, "तुमीच काय हेमाक्का? ती पत्रात सारखी तुमचं नाव घ्यायची."

झोप लागत नाही. डोळे मिटले की ती बघताना दिसते.

हेमा


बेळगाव
१२ जानेवारी १९६२

चि. हेमलतेस आशीर्वाद.

पत्र वाचलं. फार वाईट झालं. त्या बिचारीच्या मुलींसाठी माझ्या परीनं जे जमेल ते पाठवीन.

पण एक गोष्ट मनातून काढून टाक, की तू काही केलंस. ट्रे आणायला फोरमननी पाठवलं, पंखा कारखान्यानं आणला नाही. ती बाईच मुळात दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून चालणारी. तू नसतीस तर आणखी कोणाकडे बघितलं असतं तिनं. अशा माणसांचं असंच होतं, त्याला कोण काय करणार? शिवाप्पांना मी ह्यातलं काहीच बोललेलो नाही, तूही कोणापाशी त्यांचं नाव काढू नकोस.

मावशीच्या कार्डावरून कळलं की कारखान्यांचे सरकारी निरीक्षक चौकशीला येणार आहेत आणि तुम्हा सगळ्यांना विचारणार आहेत. तू नीट ऐक. तू म्हणायचं, मला काही आठवत नाही, मी कामात होते. ते खोटंही नाही. तू त्या दिवसाबद्दल बोललीस की ते लिहून घेणार, वर्तमानपत्रात येणार, आणि तुझं नाव कायमचं त्या मृत्यूला चिकटणार. धारवाडकरांनी अजून नकार दिलेला नाही. थांबू म्हणालेत. मामांनी मध्ये पडून सांभाळलंय.

मी रजा काढली आहे. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं पोचतो आणि तुला घेऊन येतो. सामान बांधून ठेव. राजीनामा मी लिहून आणीन, तू सही कर. थोडे दिवस घरी राहिलीस की सगळं ठीक होईल. घाबरू नकोस, मी आहे.

तुझा,
दादा


बसवनगुडी
१७ जानेवारी १९६२

ती. दादास सा. न.

चौकशी आज झाली. हे पत्र रविवारच्या आत तुला मिळावं म्हणून काका स्टेशनवर जाऊन गाडीतल्या टपालपेटीत टाकणार आहेत.

आम्हाला सगळ्यांना ऑफिसच्या व्हरांड्यात बसवलं होतं. आत निरीक्षक, शेजारी फोरमन आणि डॉक्टर. यल्लव्वालाही बोलावलं होतं. ती दुसऱ्या टोकाला बसली, माझ्याकडे बघितलं नाही. बाकीच्या सगळ्या मात्र बघत होत्या. कस्तुराबाई माझा हात धरून म्हणाली, "हेमाक्का, आत काय सांगायचं? तू म्हणशील तेच आम्ही सगळ्या सांगतो."

दादा, त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी त्या शुक्रवारीसुद्धा वाटली नव्हती. इतक्या बायका, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी "वास होता" म्हटलं असतं तर सगळ्यांना आला असता. "नव्हता" म्हटलं असतं तर कोणालाच नाही. आणि मी स्वतः तुझं पत्र पोलक्यात ठेवून बसले होते.

मी म्हटलं, "मी काही सांगणार नाही. तुम्ही आधी जा, एकेकटी जा, आणि बाहेर आल्यावर कोणी कोणाशी बोलू नका. मी शेवटी जाते." त्यांना राग आला. कस्तुराबाई म्हणाली, ऐन वेळी हात वर केलेस. असेना. आत जाऊन कोण काय म्हणालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

मग माझी पाळी आली. निरीक्षकांनी विचारलं वास आला होता का. मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, इतरांनी सांगितल्यावर? मी म्हटलं, आधी तसं झालं होतं, पण एका सोमवारी खोलीत मी एकटी होते तेव्हाही आला आणि त्या शुक्रवारी तर कोणी बोलायच्या आधी आला. फोरमन खुर्चीत हलले. मग निरीक्षकांनी विचारलं, "तुला कळलं होतं, तर उठली का नाहीस?"

"मला बसायला सांगितलं होतं."

"कोणी?"

मी तुझं नाव घेतलं नाही. मी म्हटलं, "मी विचारलं होतं, म्हणून सांगितलं." त्यांना ते समजलं नाही, पण लिहून घेतलं. गोजराबाईनं माझ्याकडे बघितलं आणि मी हसले, तेही सांगितलं. खाली सही केली.

धारवाडकरांना तू कळव. उद्याच्या वर्तमानपत्रात नाव येईल. मावशी स्वयंपाकघरात रडते आहे. काका मात्र पत्र टाकायला निघाले आहेत.

मी केलं ते बरोबर की चूक, मला अजून माहीत नाही. कोणी सांगावं असं फार वाटतंय. तुला विचारावंसं वाटतंय, हे लिहितानासुद्धा. म्हणून विचारत नाही.

नोकरी राहील की नाही कळायला वेळ लागेल. राहिली तर मी जाईन. नाही राहिली तर दुसरीकडे बघीन.

आणि तू रविवारी येऊ नकोस. मी तुझ्यावर रागावलेली नाही, उलट तू यावंस असं मनात सारखं येतंय, त्याचीच भीती वाटते. तू दारात उभा राहून नुसतं "चल" म्हणालास, तर मी मागं वळून न बघता चपला घालीन आणि तुझ्याबरोबर निघेन. मी मला ओळखते. दादा, येऊ नकोस.

तुझी,
हेमलता